नवसाचा कोंबडा आणि पिवळ्या अळ्या

ताप उतरल्यावर पहिल्यांदा अंगणात येऊन बसले, तेव्हा तो डालग्याखाली होता. विणीच्या फटीतून त्याचा एकच डोळा दिसत होता, नारिंगी. तो डोळा माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. डेंग्यूनं मला इतकं पोकळ करून सोडलं होतं की उभं राहिलं की अंगण तिरकं व्हायचं, पेरूचं झाड भिंतीवर टेकायचं, आणि मग हळूहळू सगळं आपापल्या जागी परत यायचं.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्यासाठी बोलले होते. मरीआईला. लेकरू उठून बसलं की कोंबडा देईन म्हणून. बसलीस ना उठून? आता चैत्रात मामाच्या गावाला जत्रा असती, तवा द्यायचा. तवर पोसायचा."

म्हणजे माझ्या जिवाच्या बदल्यात त्याचा जीव ठरला होता, आणि तो ठरला तेव्हा मी दवाखान्यात छताच्या पंख्याची पाती मोजत पडले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. त्यालाही नाही.

हे घडलं आमच्या घरात, हे सांगायला हवं. माझे वडील नांदेडला एका छापखान्यात कामाला आहेत. बिघडलेले, शाई फुटलेले, कडेला तिरके कापले गेलेले कागद ते घरी आणायचे आणि मी त्यांच्या पाठीवर पाढे लिहायचे. पाढे पाठीवर, पुढच्या बाजूला पत्रक. विडी कामगारांच्या सभेचं, हुंड्याच्या विरोधातलं, पाण्याच्या टाकीसाठी निघालेल्या मोर्चाचं. वाचायला मी तिथूनच शिकले. त्यामुळं कितीतरी वर्षं मला वाटायचं, वाक्य असं असतं: आखूड, ठाम, शेवटी उद्गारचिन्ह. आणि जगात जे काही चुकलेलं आहे ते केवळ लोकांनी अजून वाचलेलं नाही म्हणून. अकरावीत मी स्वतः एक पत्रक लिहिलं, नवस म्हणजे देवाला दिलेली लाच, अशा मथळ्याचं. वडिलांनी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि उरलेल्या कागदावर ते छापून दिलं. आईनं तेव्हा ते वाचून घडी घातली आणि म्हणाली, अक्षर छान आलंय.

त्या दिवशी अंगणातही मी बोललेच. अंगात ताकद नव्हती, पण मथळे पाठ होते. "प्लेटलेट देवीनं वाढवल्या का माझ्या?"

आईचा हात सुपात थांबला. "डॉक्टर म्हणला, रात्र जाऊ द्या, मग बघू. तो 'बघू' म्हणला ना, तवा मी काय करायचं होतं? तुझं पत्रक वाचत बसायचं होतं?"

  मी भिंतीला डोकं टेकवलं आणि ठरवलं, चैत्राला खूप अवकाश आहे. तोवर मी हिला पटवीन. याला मरू देणार नाही.

*

अळ्या आल्या लातूरहून.

लातूरला हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण औशाची. मी शिक्षण संपवून नांदेडला परतले, ती शेतीचं पुढचं शिकायला तिथंच थांबली. कॉलेजात तिनं पिठातल्या अळ्या पाळायचा प्रयोग केला होता, कोंबड्यांना खाऊ म्हणून. प्रयोग संपला, मार्क मिळाले, आणि डबाभर जिवंत अळ्या तिच्या गळ्यात पडल्या. घरी नेणं शक्य नव्हतं. तिचं घर लिंगायत, औशाच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान.

"विचार कर," ती फोनवर म्हणाली, "धान्याच्या दुकानात मी किड्यांचा डबा घेऊन जाऊ? अन् आजीला कळलं की हे जीव मी कोंबड्याला चारून राहिले, तर ती मला पूजेच्या खोलीत पाय ठेवू देणार न्हाई. तू ठेव. तुझ्याकडं तर कोंबडा हाय म्हणे."

"मरणाऱ्या कोंबड्याला खाऊ?"

"मग काय, मरणाऱ्याला उपास घडवणार का तू?"

तिनं लातूर-नांदेड एसटीत डबा चढवला. वडील बसस्टँडवरून घेऊन आले आणि काही न सांगता ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले. डबा पेढ्यांचा होता. वर दुकानाचं नाव, लाल दोरी. आईनं दोरी सोडली.

ती किंचाळली ती मी झोपेत ऐकली. धावायचं बळ नव्हतं म्हणून भिंत धरत धरत स्वयंपाकघरात पोचले, तर आई ओट्यापासून चार हात लांब, हातात उलथनं. "ह्या दुकानवाल्याला काही लाजबीज? पेढ्याच्या जागी निसत्या अळ्या! इतके दिवस ठेवले असतील का पेढे?"

वडील टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. ते खाली बघून हसत होते, आणि आपण हसत नाही असं दाखवत होते.

डब्याला जागा मिळाली ती फ्रिजच्या मागं. थंडीचे दिवस होते आणि अळ्यांना ऊब लागते, असं मैत्रीण म्हणाली होती. फ्रिजच्या मोटारीजवळ भिंत कोमट असायची. मोठा डबा, त्यात गव्हाचा कोंडा, वर गाजराची एक चकती, आणि चकतीवर अंधार करायला एक कागद. पाणी ठेवायचं नाही, बुडून मरतात. गाजरातूनच पितात. बस, एवढंच. बाकी विसरून जायचं.

पण त्यांना विसरावं असं मला दुसरं काही काम नव्हतं. नोकरीचे अर्ज थांबले होते, वाचलं की डोळ्यांपुढं ओळी पोहायच्या. वडील छापखान्यात, आई दुपारी दोन गल्ल्या पलीकडं शिवणाच्या कामाला. घरात मी आणि फ्रिजची गुणगुण. मी फरशीवर आडवी व्हायचे, डबा जवळ ओढायचे आणि कान लावायचे. आतून आवाज यायचा. वाळल्या ज्वारीच्या पानांतून वारं जातं तसा, पण फार लांबून, दोन शिवारं पलीकडून. ऐकता ऐकता झोप लागायची. जागी व्हायचे तेव्हा गालावर फरशीची रेघ उठलेली असायची, ऊन दाराच्या आत आलेलं असायचं, आणि डब्यात तेच चाललेलं: खाणं, वाढणं, कात टाकणं.

कात टाकलेली अळी पांढरीशुभ्र असते. दुधासारखी नाही, दुधावरच्या सायीसारखी. तासाभरानं पिवळसर, संध्याकाळपर्यंत पुन्हा मधाच्या रंगाची. मग एखादी वेगळी पडते, वाकडी होते, खाणं सोडते, आणि एके दिवशी तिथं अळी नसतेच. एक कोष असतो, पाय छातीशी घेऊन निजलेला. त्याला बोट लावलं तर तो झोपेत कूस बदलावी तसा वळतो. मला त्यांचा मत्सर वाटायचा. माझीही तेव्हा कात चालली होती, डेंग्यूनंतर तळहातांची साल निघते तशी, आणि मी बसून ती सोलत राहायचे. पुढं कोषातून भुंगेरे निघाले, आधी बदामी, मग काळे. ते अंडी घालून मरायचे आणि कोंडा पुन्हा हलायला लागायचा.

चळवळीत वाढलेल्या मुलीनं हे लिहू नये कदाचित, पण त्या महिन्यांत मला काही बदलावंसं वाटत नव्हतं. सगळं आपोआप बदलत होतं.

*

पहिल्यांदा अळी टाकली तेव्हा कोंबड्यानं मान तिरकी करून तिच्याकडं बघितलं. एक डोळा, मग दुसरा. तो एव्हाना डालग्यातून मोकळा झाला होता, आईच्या दोन गावरान कोंबड्यांबरोबर अंगणभर हिंडायचा. रंग जळत्या भट्टीसारखा, शेपटीत हिरवी काळी पिसं, तुरा एका बाजूला पडलेला. त्यानं अळी उचलली, घशातून कुट-कुट-कुट असा मऊ आवाज काढला, आणि टाकून दिली. पुन्हा उचलली. पुन्हा टाकली.

आवडली नाही, मला वाटलं.

तेवढ्यात पेरूच्या बुंध्याशी माती उकरणाऱ्या दोघी धावत आल्या. एकीनं अळी गिळली. मी दुसरी टाकली, तिसरी टाकली. दर वेळी तेच. तो उचलायचा, हाक मारायचा, चोचीतून खाली सोडायचा आणि एक पाऊल मागं घेऊन उभा राहायचा. दोघी खायच्या. त्या खाऊन झाल्या की तो पंख झटकायचा, जसं काही त्यानंच जेवण केलं.

आई दारातून बघत होती. "बावळट हाय. नीट खाता बी येईना त्याला."

मी मैत्रिणीला फोन केला. ती हसली. "अगं, कोंबडे असंच करतात. चांगलं काही सापडलं की माद्यांना बोलावतात. तो खाऊ घालून राहिलाय त्यांना."

"आणि स्वतः?"

"स्वतः मागून काहीतरी टोचतो कचऱ्यातलं. जगतो की."

दिवसाला चार-सहा अळ्या, त्याहून जास्त नाही, असं तिनं बजावलं होतं. खाऊ तो खाऊ. पण आठवड्याभरात त्याला सवय लागली ती अशी की माझ्या हातून पडलेलं काहीही त्याला खाऊच वाटायला लागलं. भाकरीचा तुकडा, ज्वारीचा दाणा, शेंगदाण्याचं टरफल. हातून पडलं की उचल, हाक मार, ठेव. स्वतः खायचा ते फक्त संध्याकाळी, कुणी बघत नसताना, खुराड्यामागच्या मातीत.

मी त्याला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं तर युक्तिवाद कमजोर होतो असं मला वाटायचं. मी कोंबड्याच्या बाजूनं नव्हते, तत्त्वाच्या बाजूनं होते. असं मी स्वतःला सांगायचे आणि उकिडवी बसून त्याच्या पाठीवर बोट फिरवायचे.

संक्रांतीच्या सुमारास मामा आला. आईचा धाकटा भाऊ, हिमायतनगरच्या पुढं त्यांचं गाव, चार एकर जमीन, आवाज मोठा. आल्या आल्या त्यानं कोंबडा काखेत धरला आणि हातानं तोलला.

"अक्का, लई भारी झालाय गं! काय चारून राहिलीस?"

"मी न्हाई, ती चारती. किडे."

"किडे?" मामानं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे रस्सा झ्याक होणार."

मी उठून त्याच्या हातातून कोंबडा घेतला. मग मी पत्रक बोलले, सबंध, तोंडपाठ. देवाला रक्त कशाला लागतं, नवसानं आजार बरे झाले असते तर दवाखाने ओस पडले असते, दुबळ्याचाच बळी का, वाघाचा का नाही. मामानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी मान डोलावून म्हणाला, "बरोबर हाय तुझं. तू बोलत जा पोरी, मी जेवत जाईन."

आई तोंडावर पदर धरून हसली. मला ते फार लागलं.

वडिलांना मी म्हणाले, "तुम्ही तरी सांगा तिला. तुम्हाला तर हे पटत नाही ना?"

"पंचवीस वर्षांत मी तिला काही सांगितलेलं न्हाई," ते म्हणाले. "छापून देऊ का?"

मी खरंच एक पत्रक तिच्या शिवणाच्या पिशवीत ठेवलं. दोन दिवसांनी गाजराची चकती बदलायला डबा उघडला तर ते आत होतं, कोंड्यावर पसरलेलं. कागद जुना झाला होता म्हणून आईनं बदलला होता. म्हणजे माझ्या मागं ती डबा उघडत होती, चमच्यानं कोंडा सारखा करत होती. अळ्यांना हात मात्र लावत नव्हती, शिसारी यायची तिला. पत्रकाच्या कडा कुरतडल्या गेल्या होत्या. अळ्यांनी मथळ्यापासून सुरुवात केली होती.

*

चैत्र आला. मी तिला पटवू शकले नाही. एवढंच लिहिते, कारण त्या महिन्यांतली सगळी भांडणं एकसारखीच होती, आणि प्रत्येक भांडण आईच्या एकाच वाक्याशी संपायचं: "तुला काय झालं तर?"

मी येणार नाही, असं मी जाहीर केलं. मग निघायच्या सकाळी तो पिशवीत बसला, फक्त मान बाहेर, आणि त्यानं अंगणाकडं बघून घेतलं. मी चपला घातल्या. खांद्याच्या झोळीत पत्रकांचा गठ्ठा होता. तिथं जत्रेत उभं राहून वाटायचा, बोलायचं, मग काय व्हायचं ते होवो. आणि एक छोटी डबी होती, गोळ्यांची रिकामी, तिच्यात थोडा कोंडा आणि अळ्या. रस्त्यात तो घाबरला तर.

वडील कामावर होते. आई आणि मी भोकरवरून हिमायतनगरला उतरलो, तिथून मामानं जीपमधून नेलं. ऊन चढलं होतं. माळावर कुठंकुठं पळस अजून पेटलेला, आणि त्या उन्हात सगळं थोडं वर तरंगल्यासारखं दिसत होतं, माणसं, गाड्या, पालं. मरीआईचं ठाणं म्हणजे एका लिंबाखाली शेंदराचे दगड आणि पत्र्याचं छप्पर. ओळीत पंधरा-वीस घरची माणसं असतील, प्रत्येकाच्या हातात काहीतरी उलटं टांगलेलं. आईनं मात्र आमचा कोंबडा पोटाशी धरला होता.

पुढं काय असतं ते मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. तिथली रीत अशी: कोंबड्याला न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, देवीसमोर सोडायचं आणि पुढं दाणे टाकायचे. त्यानं दाणे टिपून खाल्ले की देवीनं घेतला. मग बाजूला नेऊन कापायचा. खाल्ले नाहीत तर देवीची मर्जी नाही.

पुजारी म्हातारा होता, सगळे त्याला आबा म्हणत. त्यानं आमच्या कोंबड्यावर पाणी शिंपडलं, तुऱ्यावर कुंकू टेकवलं आणि मूठभर तांदूळ त्याच्या पायाशी सोडले.

कोंबडा ओल्या पिसांनी उभा राहिला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग वाकून एक दाणा उचलला.

"घेतला!" मामा ओरडला.

कुट-कुट-कुट. दाणा खाली पडला. दुसरा उचलला. कुट-कुट. तोही खाली. त्यानं मान उंच करून आजूबाजूला बघितलं, आणि पुन्हा तोच दाणा उचलला.

ओळीतले लोक पुढं सरकले. आबांनी भुवया आवळल्या. "उचलून टाकून राहिलाय. तोंडात घेऊन परत देतोय. असं कधी बघितलं न्हाई."

"मर्जी न्हाई," मागून एक बाई म्हणाली. "काहीतरी चुकलंय."

आईचं तोंड पांढरं पडलं.

आणि मी, मी आनंदानं भरून गेले. वाचला, असं मनात म्हणाले. कशानं वाचला, ते मला कळत होतं: ज्या समजुतीच्या विरोधात माझ्या झोळीत गठ्ठा होता, तिच्यामुळंच वाचला. मी एक शब्द बोलले नाही. झोळीचं तोंड घट्ट धरून उभी राहिले. त्या काही क्षणांची लाज मला आजही वाटते आणि तरी ते क्षण गोड होते.

"मग आता?" मामानं विचारलं.

"दुसरा आणा," आबा म्हणाले. "ह्याला घरी न्या, ह्याच्या जागी दुसरा द्या. नवस ऱ्हाऊ देऊ नका."

मामा लगेच वळला. ओळीबाहेर एक माणूस विकायला कोंबडे घेऊन बसला होता. मामानं त्यातला एक पांढरा उचलला, पंखाला धरून. तो ओरडायला लागला. त्याला कुणी काही चारलं नव्हतं. त्याच्या जागी कुणी दुसरा येणार नव्हता.

"थांब मामा." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "देवीची मर्जीबिर्जी काही नाही. तो कोंबड्यांना बोलावून राहिलाय. घरी दोन कोंबड्या आहेत ना, त्यांना खाऊ घालतो तो. मी सवय लावलीय. हातून पडलेलं तो स्वतः खात नाही."

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बायकांना जेवू घालून मग जेवतो?" ओळीतला एक जण म्हणाला. "ह्याला आधी आमच्या जावयाला दाखवा."

आबा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते. "खरं सांगून राहिलीस?"

"हाव."

"खरं सांगितलंस तर ह्योच कापावा लागंल. मर्जी न्हाई असं न्हाई मग."

"माहीत आहे."

मामा म्हणाला, "तिच्याकडं डबी हाय बघा, जीपमधी बघितली म्या. किड्यांची. त्याला त्ये लई आवडतात. टाकून बघा, खाल्ला तर खाल्ला."

सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले. मी डबी काढली, पण झाकण उघडेना माझ्याच्यानं. पत्रकात लिहायला हजार वाक्यं असतात, पण अशा वेळी काय करायचं हे कुणी लिहिलेलं नसतं. आईनं पुढं होऊन माझ्या हातातून डबी घेतली. झाकण काढलं. क्षणभर आत बघत राहिली. मग डोळे बारीक करून, ओठ आत ओढून, दोन बोटांनी एक अळी उचलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि वाकून त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं अळी उचलली. हाक मारली. कोंबड्या नव्हत्याच. लिंबाखाली नव्हत्या, माळावर नव्हत्या. तो एकदा स्वतःभोवती फिरला, मग दोन पावलं चालून आला आणि त्यानं ती अळी आईच्या पायाच्या अंगठ्यापाशी ठेवली. एक पाऊल मागं घेतलं. वाट बघत उभा राहिला.

"अगं बया," आई म्हणाली. "मलाच देऊन राहिला की ह्यो."

लोक हसले, आबासुद्धा. आई हसली नाही. ती खाली बसली. त्यानं अळी पुन्हा उचलून तिच्या अजून जवळ ठेवली, कुट-कुट करत, एखाद्या आजारी माणसाला घास घ्यायचा आग्रह करावा तसा. आईनं त्याच्या तुऱ्यावरचं कुंकू पदरानं पुसलं. मग वर न बघता विचारलं, "आबा, न कापता सोडता येतो का?"

"सोडतात की," आबा म्हणाले. "लिंबाखाली सोडलेले हायेत चार-दोन. देवीला काय, दिला म्हणजे दिला. कापायचं लोकांना असतं."

"अक्का!" मामा म्हणाला. "घरी मसाला वाटून ठेवलाय गं."

"त्यात वांगी घाल."

*

तो तिथं राहिला. घरी परत येणार नाही, हे मी आधी गृहीत धरलं नव्हतं. दिलेलं परत नेता येत नाही, आई म्हणाली, आणि या बाबतीत ती हलली नाही. जीप निघाली तेव्हा तो लिंबाच्या मुळीवर उभा राहून नवी माणसं बघत होता. आमच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. पत्रकं मी वाटली नाहीत. परत आणली, आणि फ्रिजमागच्या डब्यात वापरली, एकेक करून.

मामा अधूनमधून फोनवर सांगायचा. "तुझा लई माजलाय. गावातल्या कोंबड्या गोळा करून हिंडतो. आबा त्याला खोबरं देतात." खरं असेल. खोटंही असेल. त्या माळावर कोल्हे आहेत आणि माणसंही आहेत, आणि मला खुश ठेवायला मामा खोटं बोलू शकतो. मी विचारत नाही.

आईनं जे केलं ते तिनं धीटपणानं केलं असं मला त्या दिवशी वाटलं. नंतर कळलं की भीती गेली नव्हती. रक्त न देता नवस फिटला का, हे तिला कुणी खात्रीनं सांगू शकत नव्हतं. ती जाता येता माझ्या कपाळाला हात लावायची. बांगड्या आधी वाजायच्या, मग गार तळवा. जेवताना, केस विंचरताना, झोपेत. मी हात झटकला नाही एकदाही.

जत्रेनंतर दहाएक दिवसांनी मला सर्दी झाली. साधी, उन्हातून येऊन माठातलं पाणी ढसाढसा प्यायल्याची. सकाळी उठले तर घसा खवखवत होता आणि अंग किंचित कोमट. आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, आवाज असा का गं?

"झोपेतून उठले ना."

मग मी मोरीत गेले, नळ मोठा सोडला, आणि पाण्याच्या आवाजात तोंडावर टॉवेल दाबून खोकून घेतलं. गार पाण्यानं कपाळ पुसलं, दोनदा, तीनदा, ती हात लावील तेव्हा थंड लागावं म्हणून. ओवा चावला. आरशात माझे डोळे लाल होते. मी अंधश्रद्धेविरुद्ध लिहिते, लिहीत राहणार आहे, आणि एक साधी सर्दी आईपासून लपवत उभी आहे, कारण तिनं ती देवीचा कोप मानली असती आणि माळावर जाऊन काय केलं असतं ते मला ठाऊक होतं.

बाहेर आले. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पीठ भरलेला हात पाठीमागं धरला आणि दुसऱ्या हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला टेकवली. बराच वेळ ठेवली.

"गार हायेस," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणाले, आणि शिंक आली ती गिळून टाकली.